‘लिधं’ म्हटल्याशिवाय सोडायचं नाही

वच्छे,

तुला जाऊन अजून महिनासुद्धा झाला नाही आणि मी भांडायला बसले आहे. नाना परवा म्हणाले, “दुर्गाबाई, मंडळातर्फे वत्सलाबाईंवर चार शब्द तुम्हीच लिहा. तुमची जुनी मैत्री.” अध्यक्षांना काय, चार शब्द हवे असतात. ‘कै. वत्सलाबाई अत्यंत मनमिळाऊ होत्या’ असं लिहायला घेतलं आणि माझं मलाच हसू आलं. तू मनमिळाऊ? तू एक नंबरची हट्टी. तुझं-माझं जितकं पटलं, त्याच्या दुप्पट वाजलं. म्हणून तुझ्याविषयी लिहायचं सोडून तुलाच लिहिते. नानांना यातलं जे छापायचं ते छापू देत.

पहिलं भांडण चादरीचं. ते मिटलेलं नाही, लक्षात ठेव.

स्वातंत्र्य आलं त्याच्या पुढच्याच उन्हाळ्यात आपलं सेवा मंडळ निघालं. स्टेशनाबाहेर पाणपोई घालायची, डोळ्यांचं शिबिर भरवायचं, आणि गावोगावच्या बुजलेल्या विहिरींतला गाळ काढायचा. हे सगळं ठीक होतं. पण दर रविवारी संध्याकाळी गाण्याची बैठक करायची, तीही फुकट, हे खूळ तुझं. मी सरळ म्हटलं होतं, जळगावच्या उन्हाळ्यात माणूस जिवंत राहिला तरी पुष्कळ, गाणं कुठलं ऐकतोय! तू म्हणालीस, कापसाचा हंगाम संपला की सरकी काढायची जिन बंद असते, तिचं आवार मोकळं असतं, संध्याकाळी सडा मारला की गार होतं. तू जिनवाल्या शेठकडे जाऊन आवार मागून आलीससुद्धा. मला निरोप पाठवलास तो एवढाच, की बादल्या घेऊन ये.

त्या पहिल्या बैठकीला बाजाच्या पेटीखाली घालायला तू तुझ्या सासूबाईंची, म्हणजे अक्कांची, पांढरी चादर आणलीस. त्यांच्या माहेरची, चांगली जाड, सणावाराला काढायची. आणि शोभा म्हणून दोन्ही बाजूंना केळीचे खुंट बांधले. तुमच्याच मळ्यातले, त्याच दुपारी कापलेले, ताजे. मी शहरातली. तुझं माहेर धुळ्याकडचं, ज्वारी-कापसाचं. केळीचा चीक काय चीज आहे हे दोघींपैकी एकीलाही ठाऊक नव्हतं. ज्यांना ठाऊक होतं त्या अक्का घरी होत्या, आणि त्यांना आपण विचारलं नव्हतं. चीक ठिबकत राहिला. ओला होता तोवर पाण्यासारखा, कोणाला दिसला नाही. चादर धुऊन परत आली ती तपकिरी डागांनी भरून, आणि तो डाग जन्मात जात नाही हे आपल्याला तेव्हा कळलं.

अक्का तुला म्हणाल्या, “केळीच्या घरात सून म्हणून आली, आन केळ कळली नाही.” मला काहीच म्हणाल्या नाहीत. माझ्याशी बोलणंच टाकलं. मी दारात आले की त्या आत जायच्या. आणि तू? तू सगळ्यांना सांगत सुटलीस की खुंट बांधायची कल्पना दुर्गीची! अगं, कल्पना माझी असेल. खुंट कोणी आणले? चादरीवर कोणी टेकवले? अजून सांगते, चूक निम्मी-निम्मी. तू माझ्या वाट्याला पाऊण घातलीस आणि तशीच निघून गेलीस.

तुझा नियम मात्र मला मान्य होता. तोंडावर कधी म्हटलं नाही, आता म्हणते.

झालं असं, की दुसऱ्या-तिसऱ्या बैठकीला शेठ पुढे येऊन बसले आणि गाणाऱ्याला फर्माईश करायला लागले. हे गा, ते गा. आवार त्यांचं, त्यामुळे नाना गप्प. तू उठलीस, पदर खोचलास आणि म्हणालीस, “शेठ, हात दाखवा.” सगळ्यांना वाटलं, बाई हात बघतात की काय! तू म्हणालीस, सकाळी जो विहिरीवर गाळ उचलेल त्याचीच संध्याकाळी फर्माईश, बाकीच्यांनी ऐकायचं. आणि ज्याने गाळ उचललाय त्याने जे मागितलं त्याला गाणाऱ्याने नाही म्हणायचं नाही. शेठचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. पण माणूस खरा. पुढच्या रविवारी धोतर वर खोचून विहिरीवर हजर! चार घमेली उचलून धापा टाकत बसले, आणि संध्याकाळी एका भजनाची फर्माईश केली ती अशा थाटात की जशी काही विहीर त्यांनीच खणली.

मग लोक लबाडी करायला लागले. विहिरीवरून निघताना तू प्रत्येकाच्या मनगटावर गाळाचं बोट ओढायचीस, आणि ते संध्याकाळपर्यंत धुवायचं नाही असं ठरलं होतं. एकदा नानांच्या जावयाने वाटेतलाच चिखल लावून हात वर केला. तू त्याचं मनगट धरून नाकाशी नेलंस. “हाऊ इहीरमाना नही, रस्तावरना शे.” सगळं आवार हसलं. गाणाऱ्या बुवांनासुद्धा हसू आवरेना. जावई पुढच्या रविवारी खरंच गाळ काढायला आला आणि नंतर कधी चुकला नाही.

आणि तुझी ती साखळी. पुरुष खाली उतरून खणायचे, रहाटाने गाळ वर यायचा, आणि काठापासून बैलगाडीपर्यंत आम्ही बायका हातोहात घमेली द्यायचो. तो गाळ मळेवाले न्यायचे. पहिल्याच दिवशी मी घमेलं सोडलं आणि यमुनेच्या पायावर पडता पडता वाचलं. तेव्हा तू सगळ्यांना ओळीत उभं केलंस आणि सांगितलंस, “लिधं म्हनाबिगर सोडू नका.” देणारीने नाव घ्यायचं आणि ‘ले’ म्हणायचं, घेणारीने ‘लिधं’ म्हणायचं, मगच हात सोडायचे. तुझ्या माहेरचे शब्द. ‘घे’ आणि ‘घेतलं’ आम्हाला म्हणता येत नव्हतं असं नाही, पण तुझ्यासमोर कोण बोलणार! बघता बघता पेठेतल्या सोवळ्या बायका ‘लिधं, लिधं’ करायला लागल्या. माझ्या घरी मुलीच्या हातात भाजीची पातेली देताना माझ्या तोंडून ‘ले’ जायचं, आणि आमचे हे म्हणायचे, “झालं, वत्सलाबाई स्वयंपाकघरातही आल्या.”

आणि त्याला तू चाल लावलीस. नुसतं ‘ले’ नाही. “इहीर म्हने, मना डोया उघाडा... दुर्गे, ले!” एवढीच ओळ. डोळा म्हणजे विहिरीचा झरा, हे तू मला समजावून सांगितलंस, जसं काही मी अगदीच ढ. नाव बदलायचं आणि ओळ पुढे जायची. यमुना माझं नाव घ्यायची, मी तुझं, तू शेवंतेचं, आणि शेवंता गाडीत उपडं करायची. तुझ्या तोंडी ती ओळ आली की खाली खणणाऱ्यांच्या कुदळी थांबायच्या. नाना वरून ओरडायचे, “अरे, हात चालवा!” आणि मग स्वतःच ऐकत उभे राहायचे.

बाई गं, काय आवाज होता तुझा. आता लिहायला हरकत नाही. मोठमोठे गवई त्या आवारात येऊन गेले, पण विहिरीच्या काठावर तू ती ओळ उचललीस की मला दुसरं काही नको वाटायचं. मला सुरातलं कळत नाही, हे तू हजारदा ऐकवलंस. नसेल कळत. अंगावर काटा येतो तो काय सूर विचारून येतो?

मी तुला पहिल्याच वर्षी म्हटलं होतं, बैठकीत गा. तू नाही म्हणालीस. का, तर मंडळात यायची परवानगी देताना अक्कांनी अट घातली होती: काम कर, हवं तेवढं कर, पण घरची सून मांडवात बसून गाणार नाही. तू शब्द दिला होतास. मी म्हटलं, “अगं, विहिरीवर गातेस ते चालतं का?” तू म्हणालीस, “ते काम शे.” मी म्हटलं, “आणि तुझा नियम? गाळ मी उचलते. मी उद्या तुझ्याच नावाची फर्माईश केली तर? नाही म्हणता येणार नाही तुला.”

तू हसलीस. तुझं ते गालात हसणं, मला राग आणणारं. “मांग ना वं. पन पहिले अक्काले इचार.”

घ्या! अक्काले इचार! ज्या बाई माझं तोंड बघत नव्हत्या, त्यांच्या दारात जाऊन मी काय म्हणणार होते? तुमची चादर खराब केली, आता सून मांडवात बसवू द्या? मला राग आला. मी म्हटलं, माझ्या चपला विचारतील. आणि त्या दिवसापासून मी माझी फर्माईश राखून ठेवली. दर उन्हाळ्यात गाळ उचलायचा, मनगटावर बोट ओढून घ्यायचं, आणि संध्याकाळी हात वर करायचा नाही. तू लांबून बोटाने खुणावायचीस, माग की! मी मान फिरवायची. घरी परतताना तू म्हणायचीस, “दुर्गे, तुनी फर्माईश बाकी शे.” मी म्हणायची, असू दे बाकी, माझी आहे. मला वाटायचं, कधीतरी अक्का निवळतील. कधीतरी तूच कंटाळून अक्कांना विचारशील. तुला वाटत असणार, कधीतरी दुर्गी नाक मुठीत धरून जाईल. दोघीही सारख्याच. आणि फाल्गुनात तुला ताप आला, आणि संपलंच.

आजारात मी आले होते तेव्हा तुझा आवाज बसला होता. तू बोलायला बघत होतीस, मी बोलू दिलं नाही. पड गप, म्हटलं. बरी झालीस की भांडू. काय सांगायचं होतं गं तुला? चादरीचं असेल तर मला ऐकायचं नाही. दुसरं काही असेल तर मी ऐकायला हवं होतं.

तेरावा झाल्यावर मंडळाची सभा भरली. नाना म्हणाले, वत्सलाबाईंच्या स्मृतीसाठी या वर्षी बैठका बंद ठेवू, विहिरीचं कामही पुढच्या साली बघू. सगळ्यांनी माना हलवल्या. मी उठून बोलणार, तेवढ्यात दारातून आवाज आला. अक्का. मंडळाच्या सभेला त्या आयुष्यात पहिल्यांदा आल्या होत्या. खाली बसल्याही नाहीत. म्हणाल्या, “सुतक आमच्या घराले व्हतं. इहिरीले कशाचं सुतक?” आणि आल्या तशा गेल्या. नाना चष्मा पुसत बसले. मग रविवार ठरला, पिंप्राळ्याची विहीर ठरली, बऱ्हाणपूरच्या गाणाऱ्या बाईंना कळवणं ठरलं. मी अक्कांच्या मागे धावत रस्त्यापर्यंत गेले. त्या पाठमोऱ्याच गेल्या.

काल तो रविवार होता.

सकाळी विहिरीवर सगळ्याजणी आपापल्या जागी उभ्या राहिल्या. काम सुरू झालं. ओळ पहिल्यांदा कोणी म्हणेना, मग यमुनेने म्हटली. तिचं आपलं नेहमीसारखं, घसा खरवडल्यागत. “इहीर म्हने, मना डोया उघाडा... दुर्गे, ले!” मी म्हटलं, लिधं. घमेलं घेतलं, वळले, आणि म्हटलं, “इहीर म्हने, मना डोया उघाडा... वच्छे, ले!” आणि सोडलं.

वाट नाही पाहिली गं. तुझ्या ‘लिधं’ची मी कधी वाटच पाहत नव्हते. नियम तुझा, पण तुझ्याबाबतीत मी तो कधी पाळला नाही, कारण तुझा हात तिथे नाही असं कधी झालंच नव्हतं. घमेलं खाली आदळलं, गाळ माझ्या पायांवर उडाला. शेवंता तिच्या नेहमीच्या जागेवर उभी होती, एक हात अंतर सोडून. मी सगळ्यांवर खेकसले. “जागा का नाही भरली? सरकता येत नाही?” मग शेवंता हळूच म्हणाली, “बाई, तुम्हीच सरकल्या नाहीत.” खरं होतं. सगळ्यांच्या पुढे मी मटकन खाली बसले आणि रडले. मोठ्याने रडले. लाज वाटली नाही. खालून नानांचा जावई विचारत होता, काय झालं, काय झालं. यमुना म्हणाली, काही नाही, दम खातो आहोत. मग मी उठले, तो गाळ हातांनी परत घमेल्यात भरला आणि सरकले. दुपारपर्यंत झरा मोकळा झाला. पाणी चांगलं आहे, तुला सांगायचं म्हणून सांगते.

संध्याकाळी आवारात सडा मारून झाला, जाजमं घालून झाली. केळीचे खुंट नव्हते, ते त्या पहिल्या वर्षानंतर आपण कधी बांधलेच नाहीत. मी बाजाच्या पेटीखाली घालायला मंडळाची चादर उलगडत होते, तर अक्का समोर उभ्या. हातात घडी. “ही घाला,” म्हणाल्या. तीच गं. डागांसकट. तू मला सांगितलं होतंस की ती फाडून पायपुसणी केली. खोटारडी! ती इतकी वर्षं नीट घडी घालून ठेवलेली होती. मी घातली. दोघींनी मिळून टोकं ओढली, सुरकुत्या काढल्या. मग अक्का पुढे जाजमावर बसल्या.

बऱ्हाणपूरच्या बाई छान गायल्या. पहिलं गाणं संपल्यावर त्यांनी नेहमीप्रमाणे विचारलं, फर्माईश कोणाची? आणि मी हात वर केला.

मागे कुजबुज झाली, दुर्गाबाई? नाना वळून बघायला लागले. मी उभी राहिले. मी म्हटलं, “माझी फर्माईश वत्सलाबाईंच्या गाण्याची होती. मांडवात. ती मी आजवर केली नाही. आज करते. नाही म्हणता येत नाही, असा नियम आहे.” मला वाटलं, अक्का आता उठून जातील. त्या उठल्या नाहीत. बऱ्हाणपूरच्या बाई भल्या, त्यांनी तंबोऱ्यावर हात ठेवला आणि थोड्या बाजूला सरकल्या.

आम्ही चौघी-पाच जणी पुढे जाऊन ओळीत उभ्या राहिलो, विहिरीवर राहतो तशा. तुझी जागा मोकळी सोडून. या वेळी मुद्दाम सोडली. यमुनेने ओळ म्हटली, माझं नाव घेतलं. मी ‘लिधं’ म्हटलं आणि हात पुढे धरले, घमेलं असल्यासारखे. आवाज माझा कसा आहे ते तुला माहीत आहे. लोकांनी ऐकून घेतला. “इहीर म्हने, मना डोया उघाडा... वच्छे, ले!”

आणि थांबले. सकाळी थांबले नव्हते, आता थांबले. हात पुढे तसेच. लोक बघत होते. यमुना माझ्या पाठीला हात लावून पुढे चल म्हणत होती. शेवंता सरकायला लागली होती. मी हलले नाही. तुझा नियम आहे, वच्छे. आज मी तो पाळणार होते, मग रात्र झाली तरी चालेल.

समोर जाजमावरून अक्का उठल्या. गुडघ्यावर हात टेकत, सावकाश. तुझ्या जागेवर येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी आयुष्यात त्या साखळीला हात लावला नव्हता, ना तुझी ओळ कधी तोंडी घेतली होती. माझ्या हातांखाली त्यांनी त्यांचे हात धरले.

“लिधं,” म्हणाल्या.

मग मी हात सोडले.